स्क्रिप्टचं डेस्कटॉप ॲप करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पायथनमध्ये चार-दोन डझन ओळी लिहिल्या, ऑफिसातलं रोजचं कंटाळवाणं काम मिटलं, आणि शेजारच्या टेबलावरून मागणी आली: "मलाही दे की हे." त्या मागणीनंतर जे प्रश्न पडतात ते इथे घेतले आहेत. आपल्याकडच्या बहुतेक कार्यालयांत विंडोजच असतं, म्हणून पायथन, विंडोज आणि पायइन्स्टॉलर (स्क्रिप्टची ईएक्सई, म्हणजे डबल-क्लिकने चालणारी फाइल, बनवणारं साधन) यांना जास्त जागा दिली आहे. मॅक, लिनक्स आणि इतर भाषांतल्या स्क्रिप्ट शेवटाकडे येतील.

## ईएक्सई केली म्हणजे माझा पायथन कोड मशीन कोड होतो का?

पायइन्स्टॉलर वापरलात तर नाही. तुमची स्क्रिप्ट बाइटकोडमध्ये, म्हणजे पायथनला चालवता येईल अशा मधल्या रूपात जाते, जशी ती एरवीही जात असते. तो बाइटकोड, पायथनचा इंटरप्रिटर (कोड चालवणारा प्रोग्राम), इंपोर्ट केलेल्या लायब्ररी आणि त्यांना लागणाऱ्या डीएलएल (विंडोजच्या तयार कोडच्या फाइली) हे सगळं एकत्र बांधलं जातं आणि त्याच्या पुढे सी भाषेत लिहिलेला एक छोटा प्रोग्राम बसवला जातो. त्याला बूटलोडर म्हणतात. डबल-क्लिक केल्यावर विंडोज चालवतं ते या बूटलोडरला. तो आतल्या पायथनला जागं करतो आणि तुमची स्क्रिप्ट त्याच्या हवाली करतो. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं, तसा हा पायथन सगळं सामान घेऊन दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उतरतो.

एवढं ध्यानात ठेवलं की पुढची बरीच उत्तरं आपोआप लागतात. तीन ओळींच्या स्क्रिप्टची फाइल काही एमबींची का झाली, एखादी लायब्ररी सामानात चढायची राहिली तर काय होतं, अँटिव्हायरस संशयाने का बघतो, या सगळ्याचं मूळ इथेच आहे.

## म्हणजे वेगही वाढत नाही?

नाही. सुरू व्हायला उलट थोडा जास्त वेळ लागतो. खरोखर कंपाइल करायचं असेल तर नुइट्का आहे. ते पायथन कोडचं सी कोडमध्ये रूपांतर करतं आणि सी कंपायलरकडून बायनरी बनवून घेतं. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचा किंवा मिनजीडब्ल्यूचा कंपायलर लागतो आणि बिल्डला चहा पिऊन येण्याइतका वेळ सहज जातो. मोठमोठे लूप शुद्ध पायथनमध्ये फिरत असतील तर फरक जाणवेल. वेळ एक्सेल फाइल उघडण्यात किंवा नेटवर्कची वाट बघण्यात जात असेल, तर नुइट्काही काही करू शकत नाही. पांडास आणि नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररींचं जड काम तर आधीच कंपाइल केलेल्या सी कोडमध्ये होत असतं.

## ईएक्सईची गरज आहेच का?

हा प्रश्न लोक शेवटी विचारतात, खरं तर सर्वांत आधी विचारायला हवा. वापरणारी माणसं तुमच्याच खोलीत बसत असतील, तर त्यांच्या कॉम्प्युटरवर पायथन टाकून द्या आणि डेस्कटॉपवर एक शॉर्टकट ठेवा. स्क्रिप्टचं एक्स्टेन्शन 'पीवाय' ऐवजी 'पीवायडब्ल्यू' केलंत की काळी खिडकीही उघडत नाही. स्क्रिप्टमध्ये दर आठवड्याला बदल होत असेल तर हाच मार्ग बरा, कारण ईएक्सई केलीत की प्रत्येक बदलाला नवी बिल्ड आणि नवं वाटप आलं.

पायथन इन्स्टॉल करायची परवानगी नसेल तर पायथनच्या अधिकृत साइटवर विंडोजसाठी 'एम्बेडेबल पॅकेज' नावाची झिप मिळते. ती एका फोल्डरात उघडायची, शेजारी स्क्रिप्ट ठेवायची आणि एका ओळीची बॅच फाइल लिहायची. दिसायला ओबडधोबड, पण सगळं डोळ्यांसमोर असतं आणि अँटिव्हायरसची कटकट बरीच कमी.

ईएक्सई करावी ती तिसऱ्या परिस्थितीत: वापरणारा माणूस दुसऱ्या गावात आहे, त्याला पायथन म्हणजे काय हे ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याची गरजही नाही.

## कोणतं साधन घेऊ?

सुरुवात पायइन्स्टॉलरने करा. कारण साधं आहे: अडलात तर त्याच अडचणीवरचं उत्तर कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं असतं. सीएक्स-फ्रीझ चांगलं आहे आणि थेट एमएसआय इन्स्टॉलर करून देतं. पायटूईएक्सई फक्त विंडोजपुरतं, पायटूॲप फक्त मॅकपुरतं. बीवेअर प्रकल्पातलं ब्रीफकेस नव्याने ॲप लिहायला घेणाऱ्याला शोभतं, आधीच लिहिलेली सुटी स्क्रिप्ट गुंडाळायला नाही. नुइट्काकडे वळायचं ते वेग हवा असेल किंवा कोड सहज वाचता येऊ नये असं वाटत असेल तेव्हा.

एक गोष्ट आधीच सांगतो. पायइन्स्टॉलर क्रॉस-कंपायलर नाही. विंडोजची ईएक्सई विंडोजवरच बनते, मॅकचं ॲप मॅकवर. लिनक्सवर बसून विंडोजची ईएक्सई काढायचा हट्ट असेल, तर व्हर्च्युअल मशीन घ्या किंवा गिटहब ॲक्शन्सवरचं विंडोज मशीन वापरा.

## पहिली बिल्ड कशी करू?

नवं, कोरं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (आधीच्या लायब्ररी नसलेला पायथनचा वेगळा फोल्डर) बनवा. त्यात स्क्रिप्टला लागतात तेवढ्याच लायब्ररी आणि पायइन्स्टॉलर टाका. आधी त्या कोऱ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये साधी स्क्रिप्ट चालवून बघा. ती चालली तरच पुढे जा.

पहिली बिल्ड फोल्डरची करा आणि काळी खिडकी ठेवूनच करा. आयकॉन, एकच फाइल, खिडकी लपवणं हे सगळं नंतर. तयार ईएक्सई डबल-क्लिकने उघडू नका. कमांड प्रॉम्प्ट उघडून तिथून चालवा, म्हणजे एरर आली तर वाचता येईल. "क्षणभर काहीतरी काळं दिसलं आणि गायब झालं" या तक्रारीवर इलाज हाच.

बिल्डबरोबर एक 'स्पेक' फाइल तयार होते. ती जपून ठेवा. लांबलचक कमांड दर वेळी टाइप करण्यापेक्षा सगळे पर्याय त्या फाइलीत लिहावेत आणि पुढची बिल्ड तिच्यावरूनच करावी. स्पेक फाइल हाताशी असताना पुन्हा मूळ पीवाय फाइल देऊन कमांड चालवलीत, तर ती नव्याने लिहिली जाते आणि तुमचे बदल पुसले जातात.

## एकच फाइल करू की फोल्डर?

सगळ्यांना एकच फाइल हवी असते. पेनड्राइव्हवर टाकली, व्हॉट्सॲपवर पाठवली, झालं. माझं मत याच्या उलट आहे.

'वनफाइल' पर्यायात बनलेली ईएक्सई ही खरं तर स्वतःला उलगडणारी झिप असते. प्रत्येक वेळी उघडली की ती विंडोजच्या टेंप फोल्डरात अंडरस्कोर आणि 'एमईआय' या अक्षरांनी सुरू होणारा एक फोल्डर बनवते, सगळं सामान तिथे उतरवते आणि मग स्क्रिप्ट सुरू करते. बंद होताना तो फोल्डर पुसते. त्यामुळे जुन्या हार्ड डिस्कच्या कॉम्प्युटरवर डबल-क्लिक केल्यावर बराच वेळ काहीच घडत नाही. माणूस पुन्हा क्लिक करतो, पुन्हा करतो आणि शेवटी प्रोग्राम तीनदा उघडतो. टास्क मॅनेजरमधून मारला किंवा वीज गेली, तर टेंपमधला फोल्डर तसाच राहतो आणि असे फोल्डर साठत जातात. शिवाय टेंपमध्ये डीएलएल उतरवून त्या चालवणं ही व्हायरसचीही जुनी खोड, म्हणून अँटिव्हायरसचं पहिलं बोट वनफाइलकडे.

'वनडिर' पर्यायात हे सगळं एकदाच उलगडलेलं असतं. 2023 साली आलेल्या पायइन्स्टॉलरच्या 6.0 आवृत्तीपासून फोल्डर उघडल्यावर फक्त ईएक्सई आणि 'इंटर्नल' नावाचा एक उपफोल्डर दिसतो. आधीसारखी शेकडो फाइलींची जत्रा नसते. तरीही वापरणाऱ्याला एकच फाइल द्यायची असेल तर त्या फोल्डरचा इन्नो सेटअपने इन्स्टॉलर करा. जॉर्डन रसेल यांचं हे साधन 1997 पासून आहे. स्टार्ट मेनूत नाव, डेस्कटॉपवर शॉर्टकट आणि नीट अनइन्स्टॉल हे सगळं त्यातून मिळतं. ॲडमिनचा पासवर्ड मागू नये असं वाटत असेल तर परवानगीची पातळी 'लोएस्ट' ठेवा, म्हणजे प्रोग्राम वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरात बसतो.

वनफाइल कधी? एकदाच चालवायचं छोटं काम असेल तेव्हा. उदाहरणार्थ, जुन्या डेटाचं एकवेळचं रूपांतर.

## माझ्याकडे चालतं, त्यांच्याकडे चालत नाही. का?

सगळा घाम इथेच गाळावा लागतो. ईएक्सई बनवणं ही एका कमांडची गोष्ट आहे. तुमच्या कॉम्प्युटरवर जे आपोआप हजर असतं आणि म्हणून तुमच्या लक्षातच येत नाही, ते शोधून काढणं हे खरं काम.

"नो मॉड्यूल नेम्ड" अशी एरर आली तर एखादी लायब्ररी चढायची राहिली आहे. पायइन्स्टॉलर तुमचा कोड वाचून इंपोर्टची यादी करतं, पण काही लायब्ररी आपले भाग नावाच्या स्ट्रिंगवरून चालता चालता बोलावतात. ते कोड वाचून कळत नाही. प्रसिद्ध लायब्ररींसाठी 'हुक' नावाच्या तयार सूचना असतात, बाकीच्यांसाठी 'हिडन इंपोर्ट' हा पर्याय देऊन नाव हाताने सांगावं लागतं.

फाइल सापडत नसेल तर दोन शक्यता. लोगो, टेम्प्लेट, फॉन्ट अशा फाइली सामानात आपोआप चढत नाहीत, त्या 'ॲड डेटा' पर्यायाने द्याव्या लागतात. आणि दिल्या तरी स्क्रिप्टने त्या योग्य जागी शोधायला हव्यात. कोडमध्ये नुसतं 'लोगो डॉट पीएनजी' असं नाव लिहिलंत, तर पायथन ते चालू फोल्डरात शोधतो. शॉर्टकटवरून उघडल्यावर चालू फोल्डर भलताच असू शकतो. म्हणून पत्ता नेहमी त्या मॉड्यूलच्या स्वतःच्या जागेवरून काढा. दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर असलेलं 'फाइल' हे व्हेरिएबल ईएक्सईतही योग्य उत्तर देतं.

हे झालं वाचायच्या फाइलींचं. लिहायच्या फाइलींचा नियम वेगळा. सेटिंग, लॉग किंवा छोटा डेटाबेस सामानाच्या आत लिहू नका. वनफाइलमध्ये तो टेंप फोल्डर बंद होताच पुसला जातो आणि वापरणाऱ्याने भरलेली माहिती दर वेळी गायब होते. प्रोग्राम फाइल्समध्ये बसवलं असेल तर साध्या वापरकर्त्याला तिथे लिहिताच येत नाही. असल्या गोष्टींची जागा म्हणजे वापरणाऱ्याचा ॲपडेटा फोल्डर, आणि तयार झालेल्या अहवालांची जागा म्हणजे तो स्वतः निवडेल तो फोल्डर.

मल्टिप्रोसेसिंग वापरलं असेल तर आणखी एक गंमत होते. ईएक्सई उघडताच स्वतःच्याच प्रती उघडत सुटते आणि कॉम्प्युटर गोठतो. मुख्य भागाच्या अगदी सुरुवातीला 'फ्रीझ सपोर्ट' या फंक्शनला बोलावलं की हे थांबतं.

तपासायला ज्यावर पायथन कधीच टाकलेलं नाही असं मशीन शोधा. विंडोज प्रो असेल तर त्यातलं विंडोज सँडबॉक्स उत्तम, दर वेळी कोरं विंडोज मिळतं.

## काळी खिडकी कशी घालवायची?

'विंडोड' पर्याय द्या, ती जाते. पण तिच्याबरोबर 'प्रिंट'ने लिहिलेलं दिसायची जागाही जाते. अशा ईएक्सईत स्टँडर्ड आउटपुटच्या, म्हणजे प्रिंट जिथे लिहितो त्याच्या, जागी 'नन' (पायथनमधलं 'काहीच नाही') असतं. साधा प्रिंट हे निमूट सहन करतो, पण प्रगतीची पट्टी दाखवणाऱ्या काही लायब्ररी थेट तिथे लिहायला जातात आणि "नन टाइप ऑब्जेक्टला राइट नाही" अशी एरर देऊन पडतात. तेव्हा खिडकी लपवण्याआधी सगळं लॉग फाइलमध्ये जाईल असं करा आणि मोठी एरर आल्यास एक साधा संदेश दिसेल अशी सोय ठेवा. संदेशात लॉग फाइलचा पत्ता द्या. फोनवर "काय एरर आली?" विचारलं की "इंग्रजीत काहीतरी आलं होतं" हे उत्तर ठरलेलं असतं. फाइल पाठवायला सांगणं सोपं.

## अँटिव्हायरस माझ्या ईएक्सईला व्हायरस म्हणतो. आता?

पायइन्स्टॉलरचा तयार बूटलोडर जगभर सगळ्यांच्या ईएक्सईत तोच असतो. मालवेअर लिहिणारेही पायथन वापरतात आणि पायइन्स्टॉलरच वापरतात. त्यामुळे अँटिव्हायरसच्या नजरेत तुमची फाइल वाईट संगतीतली ठरते.

करण्यासारखं बरंच आहे. वनफाइल सोडून वनडिरवर या. यूपीएक्स या ईएक्सई लहान करणाऱ्या साधनाने फाइल दाबू नका, कारण दाबलेल्या ईएक्सईवर संशय वाढतोच. फाइलच्या गुणधर्मांत नाव, आवृत्ती आणि संस्थेचं नाव भरा. पायइन्स्टॉलरचा बूटलोडर स्वतःच्या मशीनवर कंपाइल करून घ्या, म्हणजे त्याची बायनरी ओळख बदलते. याने बऱ्याचदा काम होतं, पण कायमचं नाही. उरलेला मार्ग म्हणजे अँटिव्हायरस कंपनीला "ही चुकीची ओळख आहे" असं कळवणं. मायक्रोसॉफ्टसह बहुतेकांकडे त्यासाठी फॉर्म असतो.

"अँटिव्हायरस थोडा वेळ बंद करा" असं मात्र वापरणाऱ्याला कधीही सांगू नका. आज तुमच्यासाठी बंद करणारा माणूस उद्या कुणासाठीही करेल.

## 'विंडोज प्रोटेक्टेड युअर पीसी' अशी निळी खिडकी येते ती हीच का?

नाही, ती स्मार्टस्क्रीनची. तिला तुमच्या फाइलीत व्हायरस सापडलेला नसतो, ती फक्त "याला मी ओळखत नाही" एवढंच म्हणते. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलीला विंडोज एक अदृश्य खूण जोडतं आणि त्या खुणेमुळे ही तपासणी होते. 'मोअर इन्फो' वर क्लिक केल्यावर 'रन एनीवे' दिसतं. किंवा फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'अनब्लॉक' करता येतं.

कायमचा उपाय म्हणजे कोड-साइनिंग सर्टिफिकेट. ते दरवर्षी पैसे मागतं आणि जून 2023 पासून त्याची खासगी किल्ली हार्डवेअर टोकनवर किंवा तशाच सुरक्षित उपकरणात ठेवणं बंधनकारक आहे. जीएसटी आणि आयकराच्या कामात डिजिटल सहीचा यूएसबी टोकन वापरणाऱ्यांना कल्पना ओळखीची वाटेल, पण ती सही इथे चालत नाही, हे सर्टिफिकेट वेगळं घ्यावं लागतं. सही केल्या दिवसापासून निळी खिडकी जाईलच याचीही हमी नाही, कारण विश्वास डाउनलोडच्या इतिहासातून हळूहळू जमतो. दहा-वीस माणसांसाठी हा खर्च करावा असं मला वाटत नाही. एकाच संस्थेतले कॉम्प्युटर असतील तर स्वतःचं सर्टिफिकेट बनवून ते ग्रुप पॉलिसीने सगळीकडे विश्वासू ठरवता येतं.

## मराठी अक्षरं का बिघडतात?

इंग्रजी विंडोजवर पायथन 'ओपन' फंक्शनने फाइल उघडतो, तेव्हा एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) सांगितलं नसेल तर सीपी-1252 धरतो. तुमची फाइल असते यूटीएफ-8. आता मजा बघा. सीपी-1252 मध्ये पाच बाइटना अक्षरच नेमलेलं नाही. देवनागरीतला ह्रस्व उकार, पाय मोडायची खूण, ए, ऐ आणि झ यांच्या यूटीएफ-8 रूपात नेमके तेच बाइट येतात. म्हणून ज्या फाइलीत फक्त 'नागपूर' आणि 'नाशिक' आहे ती उघडते (अर्थात अक्षरांचा कचरा दाखवते), आणि ज्या फाइलीत 'पुणे' किंवा 'महाराष्ट्र' आहे तिच्यावर प्रोग्राम एरर देऊन पडतो. पुण्याचं नाव आलं की प्रोग्राम अडून बसतो, यावर ज्याला जे म्हणायचं ते म्हणावं.

उपाय एकच: प्रत्येक ठिकाणी एन्कोडिंग यूटीएफ-8 असं स्पष्ट लिहा. तुमच्या कॉम्प्युटरवर यूटीएफ-8 मोडचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावलेलं असेल तर तुम्हाला ही अडचण कधीच दिसणार नाही, पण ईएक्सईतला पायथन बाहेरच्या अशा व्हेरिएबल्सना जुमानत नाही. पायथनच्या 3.15 आवृत्तीपासून यूटीएफ-8 हेच मूळ एन्कोडिंग ठरलं आहे. तोपर्यंतच्या आवृत्त्यांत हाताने लिहा.

सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडायची असेल तर 'यूटीएफ-8-सिग' वापरा. फाइलच्या सुरुवातीच्या त्या तीन बाइटवरून एक्सेलला एन्कोडिंग कळतं.

दिसण्याचा प्रश्न वेगळा. विंडोजवर टीकेइंटरमध्ये (पायथनसोबत येणारी, खिडक्या बनवायची लायब्ररी) मराठी नीट दिसतं, निर्मला यूआय हा फॉन्ट विंडोज 8 पासून सोबतच येतो. लिनक्सवर मात्र तिच्यामागचं टीके 8.6 जोडाक्षरं सुटी करून दाखवतं. दोन्हीकडे मराठी हवं असेल तर खिडक्यांसाठी क्यूटी ही दुसरी लायब्ररी घ्या. आणि जुन्या डेटात श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमधला मजकूर असेल, तर तो मुळात युनिकोड नाहीच. एन्कोडिंग बदलून तो कधीही सुधारणार नाही, आधी त्याचं रूपांतर करावं लागेल.

## फाइल फार मोठी झाली. कमी कशी करू?

बहुतेक वेळा कारण एकच: रोजच्या, सगळं टाकलेल्या पायथनमधून बिल्ड केली. कोऱ्या एन्व्हायर्नमेंटमधून करा. ॲनाकोंडाचा नमपाय इंटेलची भलीमोठी गणिती लायब्ररी सोबत आणतो, पिपने टाकलेला हलका असतो. आणि दोन कॉलम बेरजेसाठी पांडास आणलं असेल तर ओपनपायएक्सएल या एक्सेल फाइलींच्या छोट्या लायब्ररीवर भागतंय का बघा.

## विंडोज 7 वर चालेल?

पायथन 3.9 पासून विंडोज 7 चा आधार संपला. त्या कॉम्प्युटरसाठी पायथन 3.8 वरच बिल्ड करावी लागेल आणि त्या 3.8 ची सुरक्षा दुरुस्तीही 2024 मध्ये थांबली आहे. 32-बिट विंडोज असेल तर 32-बिट पायथनने बिल्ड करा.

## माझा कोड लपतो का?

नाही. बाइटकोड बाहेर काढायची साधनं मोफत मिळतात आणि त्यावरून मूळ कोडच्या बराच जवळचा कोड मिळू शकतो. पायइन्स्टॉलरमध्ये पूर्वी बाइटकोड एन्क्रिप्ट करायचा पर्याय होता. किल्ली त्याच ईएक्सईत असल्यामुळे त्याला फारसा अर्थ नव्हता, आणि 6.0 मध्ये तो काढून टाकला. नुइट्काची बायनरी उलगडणं कितीतरी कठीण आहे, तरी डेटाबेसचा पासवर्ड किंवा एपीआय की तिच्यातही ठेवू नका. स्ट्रिंग शोधायला कोड समजावा लागत नाही.

## ॲप विकलं तर चालेल?

पायइन्स्टॉलरचा परवाना जीपीएल (त्यावर बनवलेल्याचा कोडही खुला ठेवायला लावणारा परवाना) आहे, पण त्यात खास सवलत दिली आहे: त्याने बनवलेली ईएक्सई तुम्ही कोणत्याही परवान्याखाली देऊ वा विकू शकता. लक्ष ठेवायचं ते आतल्या लायब्ररींवर. क्यूटी पायथनमधून वापरायला देणाऱ्या पायक्यूटीचा परवाना एकतर जीपीएल किंवा विकतचा. पायसाइड तेच क्यूटी जीपीएलहून सैल अशा एलजीपीएलखाली देतं. बंद कोडचं ॲप विकणार असाल तर पायसाइड बरं.

## मॅकवर काय करायचं?

मॅकवरचं 'ॲप' हा मुळात एक फोल्डर असतो. आत 'कंटेंट्स', त्यात 'मॅकओएस' आणि 'रिसोर्सेस' हे फोल्डर आणि माहितीची एक पीलिस्ट फाइल. त्यामुळे शेल, पर्ल, रूबी, पायथन अशा कोणत्याही स्क्रिप्टला ॲपचं रूप देणं तिथे तुलनेने सोपं आहे, आणि ते काम प्लॅटिपस हे मोफत, मुक्त-स्रोत साधन 2003 पासून करत आलं आहे. स्क्रिप्ट द्या, आयकॉन द्या, खिडकी कशी हवी ते निवडा: काहीच नको, प्रगतीची पट्टी, मजकुराची खिडकी, वेबपान, की वरच्या पट्टीतला मेनू. आयकॉनवर फाइली ओढून टाकल्या की त्यांचे पत्ते स्क्रिप्टला आर्ग्युमेंट म्हणून मिळतात. आणि स्क्रिप्टने 'प्रोग्रेस' हा शब्द मोठ्या रोमन अक्षरांत, पुढे कोलन आणि आकडा, अशी ओळ छापली की पट्टी तेवढी सरकते. शेल स्क्रिप्टमधून प्रगतीची पट्टी हलवायचा याहून सोपा मार्ग माझ्या बघण्यात नाही.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. प्लॅटिपस इंटरप्रिटर सोबत नेत नाही. 2022 मधल्या मॅकओएस 12.3 पासून ॲपलने पायथन 2.7 काढून टाकला, आणि पायथन 3 कोऱ्या मॅकवर गृहीत धरता येत नाही. दुसऱ्याच्या मॅकवर नक्की चालायला हवं असेल तर शेल स्क्रिप्ट लिहा, किंवा पायइन्स्टॉलरने पायथन सोबत पाठवा. दुसरी गोष्ट पाथची, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीची. टर्मिनलमध्ये चालणारी स्क्रिप्ट ॲप झाल्यावर "कमांड सापडत नाही" म्हणते, कारण फाइंडरमधून उघडलेलं ॲप टर्मिनलमधल्या तुमच्या झेडएसएच या शेलची सेटिंग वाचत नाही. होमब्रूने टाकलेल्या कमांडचा पूर्ण पत्ता स्क्रिप्टमध्ये लिहा.

वाटपाचं म्हणाल तर मॅकओएस कॅटालिनापासून ॲपलकडून नोटरायझेशन (ॲपची तपासणी) करून घेतलेलं नसलेलं ॲप मॅकचा पहारेकरी गेटकीपर अडवतो, आणि त्यासाठी वर्षाला 99 डॉलरचं डेव्हलपर खातं लागतं. पूर्वी कंट्रोल दाबून क्लिक केलं की सुटका व्हायची. मॅकओएस सिक्वोयात तीही वाट बंद झाली. आता वापरणाऱ्याला सेटिंगमधल्या प्रायव्हसी आणि सिक्युरिटीत जाऊन 'ओपन एनीवे' म्हणावं लागतं.

## लिनक्सवर?

स्वतःपुरतं असेल तर 'डेस्कटॉप' एक्स्टेन्शनची चार ओळींची फाइल पुरते: नाव, कमांड, आयकॉन, प्रकार. ती होम फोल्डरातल्या लपलेल्या 'लोकल' फोल्डरात, 'शेअर' आणि मग 'ॲप्लिकेशन्स'मध्ये ठेवली की मेनूत दिसते. शेल स्क्रिप्टमधून खिडकी दाखवून प्रश्न विचारायचे असतील तर झेनिटी आहे. दुसऱ्यांना द्यायचं असेल तर ॲपइमेज किंवा फ्लॅटपॅक. पायइन्स्टॉलरने बिल्ड करणार असाल तर जितक्या जुन्या वितरणावर चालवायचं आहे तितक्याच जुन्यावर बिल्ड करा. नव्या जीलिबसीवर (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) बनलेली बायनरी जुन्यावर चालत नाही, जुन्यावरची नव्यावर चालते.

## स्क्रिप्ट पायथनची नाही. मग?

ऑटोहॉटकीचा स्वतःचा कंपायलर आहे, दुसरीकडे बघू नका. पॉवरशेलसाठी पीएसटूईएक्सई मॉड्यूल आहे. त्यातून बनलेली ईएक्सई एका आर्ग्युमेंटवर मूळ स्क्रिप्ट परत काढून देते, तेव्हा तिच्यात गुपितं नकोत. जावास्क्रिप्टसाठी डेनो आणि बन दोघांकडे एकाच कमांडने बायनरी करायची सोय आहे. एचटीएमएलचं पान ॲप म्हणून द्यायचं असेल तर इलेक्ट्रॉन आख्खं क्रोमियम सोबत पाठवतं, टॉरी विंडोजमध्ये आधीच असलेलं वेबव्ह्यू वापरतं. म्हणून टॉरीचं ॲप लहान, पण त्यासाठी रस्टची तयारी लागते.

## नवी आवृत्ती लोकांपर्यंत कशी न्यायची?

आवृत्तीचा क्रमांक खिडकीच्या शीर्षकातच लिहा. फोनवर पहिला प्रश्न तोच विचारायचा असतो. इन्नो सेटअपमधली 'ॲप आयडी' कधी बदलू नका. ती तीच राहिली की नवा इन्स्टॉलर जुन्याच्या जागी बसतो, बदलली की कंट्रोल पॅनेलमध्ये एकाच प्रोग्रामच्या दोन नोंदी दिसू लागतात. चालू असलेली ईएक्सई विंडोज बदलू देत नाही, म्हणून सामायिक ड्राइव्हवर ईएक्सई ठेवून सगळ्यांना तिथूनच चालवायला सांगितलं असेल, तर बदलण्याआधी सगळ्यांना प्रोग्राम बंद करायला सांगत फिरावं लागतं. त्याऐवजी ड्राइव्हवर प्रत्येक आवृत्तीचा वेगळा फोल्डर ठेवा आणि फक्त शॉर्टकट नव्याकडे वळवा. जुना फोल्डर आठवडाभर राहू द्या. नव्यात काही निघालंच तर शॉर्टकट परत मागे वळवता येतो.